विश्लेषण : मधल्या नावात आई… ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे कोण होते?

नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यापासून सात-बारापर्यंत माणसाची ओळख अशीच लिहिली जात आली आहे. १९९४ मध्ये ‘ग्रंथाली’ने एक आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या नावात वडिलांच्या जागी आई होती : किशोर शांताबाई काळे. पुस्तकाचे नाव होते ‘कोल्हाट्याचं पोर’. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील एका नाचणाऱ्या बाईचा हा मुलगा डॉक्टर झाला, लेखक झाला आणि चाळिशी गाठण्याआधीच गेला. त्यांचे आयुष्य, त्यांचे लेखन आणि त्यांनी उभा केलेला नावाचा प्रश्न आज कुठवर आला आहे, याचा हा आढावा.

नेरल्यापासून मुंबईपर्यंतचा प्रवास कसा झाला?

किशोर काळे यांचा जन्म १९७० चा, करमाळा तालुक्यातील नेरले या गावातला. करमाळा हा सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. पुणे, अहिल्यानगर आणि धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमा त्याला लागतात. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. पण कलेच्या नकाशावर हा पट्टा मोठा आहे. शेजारचे जामखेड आणि माढा तालुक्यातील मोडनिंब ही लावणीची जुनी ठाणी.

आई शांताबाई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. त्यांना शिक्षिका व्हायचे होते. घरच्यांनी मात्र त्यांना तमाशात उभे केले. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घर चालवायचे ही घरातली रीत होती. किशोर यांच्या जन्माआधीच त्यांच्या वडिलांनी शांताबाईंची साथ सोडली. पुढे शांताबाई दुसऱ्या एका गृहस्थासोबत परभणी जिल्ह्यातील सोनपेठला राहायला गेल्या आणि मुलगा आजोळी राहिला.

आजोळचे दिवस उपासमारीचे आणि माराचे होते. मावश्या तमाशात नाचायच्या आणि त्यांच्या पैशांवर घरातले पुरुष बसून खायचे. लहान किशोरच्या वाट्याला घरकाम आले. या सगळ्यात शाळा हीच एक वाट त्यांना दिसत होती. ती वाट न सोडता ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपर्यंत पोहोचले. १८४५ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय म्हणजे देशातल्या जुन्या वैद्यकीय संस्थांपैकी एक. तिथून ते एमबीबीएस झाले. हातात डॉक्टरकीची पदवी येण्याच्या सुमारासच त्यांचे आत्मकथनही छापून आले. लेखक तेव्हा जेमतेम चोविशीतला होता.

कोल्हाटी समाज आणि ‘चिरा’ म्हणजे काय?

कोल्हाटी ही महाराष्ट्रातील भटकी जमात. बांबूवरच्या आणि दोरीवरच्या कसरती, कोलांटउड्या आणि नाच-गाणे हा तिचा परंपरागत व्यवसाय. राज्याच्या आरक्षण यादीत ती ‘भटक्या जमाती (ब)’ या गटात येते. या गटाला २.५ टक्के आरक्षण आहे.

कसरतीचे खेळ मागे पडत गेले तसा या समाजातील अनेक कुटुंबांचा आधार तमाशा झाला. तमाशाचे ढोबळ मानाने दोन प्रकार. एक ढोलकी-फडाचा. मोठा संच गावोगावच्या जत्रांतून फिरतो, गण-गवळण, बतावणी आणि वग सादर करतो. दुसरा संगीत बारीचा. यात चार-सहा बायका, पेटी, ढोलकी आणि तबला एवढाच संच असतो. पार्टी एका थिएटरात किंवा कला केंद्रात मुक्काम करते, प्रेक्षक फर्माईश करतात आणि गाण्यावर दौलतजादा होते. कोल्हाटी समाजातील बायका प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात आहेत.

‘चिरा’ हा विधी इथेच येतो. मुलगी वयात आली की एखादा पैसेवाला पुरुष तिच्या घरच्यांना ठरलेली रक्कम देतो आणि तिचा ‘मालक’ होतो. समाजाच्या लेखी हेच तिचे लग्न. फरक इतकाच की या लग्नाची नोंद कुठे होत नाही, नवऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही आणि त्याचे मन भरले की तो निघून जाऊ शकतो. मालक असेपर्यंत नाच बंद. तो गेला की पायात पुन्हा चाळ. होणारी मुले आईच्या माहेरी वाढतात.

घरातली सून कोल्हाटी समाजातलीच असते आणि ती नाचत नाही. नाचते ती लेक. त्यामुळे लेक जन्मली की घराला आनंद होतो, असे चित्र या आत्मकथनात दिसते. मात्र लेकीचा हा मान तिच्यासाठी नसतो, तिच्यातून घरात येणार असलेल्या पैशासाठी असतो.

वडिलांच्या नावाची जागा रिकामी का राहिली?

काळे यांनी आत्मकथनात लिहिल्यानुसार त्यांचे वडील करमाळ्याच्या राजकारणातले वजनदार गृहस्थ होते. म्हणजे वडील कोण हे ठाऊक नव्हते, अशातला भाग नाही. घरी ते ठाऊक होते. पण मुलाला ते नाव लावता येत नव्हते. प्रश्न माहितीचा नव्हता, हक्काचा होता.

शाळेत हा प्रश्न रोज समोर येतो. हजेरीत नाव पुकारताना, फॉर्म भरताना, दाखला काढताना. ज्या मुलाला बाप नाही, त्याला दोष कसला, असे तोंडाने सगळेच म्हणतात. तरी चिडवले जाते ते त्यालाच. मधल्या नावात आई आली ती आधी गरज म्हणून, दुसरे नावच नव्हते म्हणून. पण पुस्तक प्रसिद्ध करताना लेखकापुढे पर्याय होते. नुसते ‘किशोर काळे’ लिहिता आले असते. एखादे टोपणनाव घेता आले असते. त्यांनी आईचे नाव ठेवले आणि डॉक्टर झाल्यावरही तेच वापरले. ज्या नावावरून शाळेत हिणवले गेले, तेच नाव त्यांची सही बनले.

विशेष म्हणजे या आईबद्दल मुलाच्या मनात नुसती माया नव्हती. आपल्याला मागे ठेवून ती गेली, हा सल पुस्तकभर आहे. तिच्यावर राग आहे आणि तिचे काय चालले असेल याची ओढही आहे. तिला शिक्षिका व्हायचे होते आणि ते होऊ दिले गेले नाही, हे समजत गेले तसतसा त्या रागाचा रोख बदलत गेला. म्हणूनच मुखपृष्ठावरचे ‘शांताबाई’ हे नाव या पुस्तकातले सर्वात मोठे विधान ठरते.

मराठी आत्मकथनांच्या परंपरेत हे पुस्तक कुठे बसते?

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि मराठीत दलित आत्मकथनांची मोठी लाट सुरू झाली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने कैकाडी समाजाचे जगणे मांडले. त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये हाच पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ अशी पुस्तके येत गेली आणि आजवर ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले होते, ते भटके-विमुक्त स्वतः लिहू लागले.

सोलापूर जिल्ह्याचा विचार केला तर एक जोडी लक्षात येते. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. बारा माशांचा एक तोळा. अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, तोळ्याला कमी पडणारा, म्हणजेच लग्नाबाहेर जन्मलेला. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दहा वर्षांनी, ‘कोल्हाट्याचं पोर’ आले. दोन्ही पुस्तकांत वडील गावातले वजनदार, आई गरीब आणि मुलाला वडिलांचे नाव नाही. लिंबाळे यांना पुढे २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. काळे यांना एवढे आयुष्य मिळाले नाही.

पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. बहुतेक दलित आत्मकथनांत अन्याय करणारा बाहेरचा असतो : गाव, पाटील, सवर्ण, पोलीस. काळे यांच्या पुस्तकात बाहेरचा आहेच, पण घरातलाही आहे. पोरीला नाचायला लावणारा तिचा सख्खा बाप आहे. तिच्या पैशांवर जगणारे तिचे भाऊ आहेत. जातीने दिलेले दुःख आणि घराने दिलेले दुःख हे दोन्ही एकाच घरात, एकाच मुलाच्या नजरेतून मांडणे ही या पुस्तकाची ताकद. बायकांच्या शोषणाची ही कहाणी एका मुलाने, म्हणजे त्या शोषणातून ज्याचा फायदा व्हायचा त्या बाजूच्या माणसाने सांगितली, हेही लक्षात घ्यायला हवे. मोठे होऊन त्यालाही बहिणींच्या जिवावर बसून खाता आले असते. त्याने ते नाकारले.

पुस्तकाबद्दल आक्षेप कोणते?

आपल्याच समाजाच्या आतल्या गोष्टी उघड करणाऱ्या लेखकाला दोन बाजूंनी झळ बसते. बाहेरचे लोक म्हणतात, बघा हे लोक असेच. आतले म्हणतात, आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या वाट्याला हे वारंवार आले.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूने घेतला जातो. संगीत बारीतील बाईला गाणे, अदा, ताल यांची जी तालीम लागते, ती वर्षानुवर्षांची असते. तिला नुसती पीडित म्हणून दाखवले तर तिच्या कलेची किंमत कमी होते, असे तमाशा कलावंतांच्या बाजूने म्हटले जाते. हे म्हणणे खोटे नाही. लावणीचा मोठा ठेवा याच बायकांनी गळ्यात आणि पायांत जपला.

मात्र ‘कोल्हाट्याचं पोर’चा वाद लावणीशी नाही. नाचायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, हा त्यातला प्रश्न आहे. कला आवडते म्हणून फडावर उभी राहणारी बाई आणि सातवीच्या वर्गातून उठवून फडावर नेलेली मुलगी यांत फरक आहे. पुस्तक त्या दुसऱ्या मुलीबद्दल बोलते.

पुढे त्यांनी काय केले?

डॉक्टर झाल्यावरही काळे यांनी लेखन सोडले नाही. ‘हिजडा एक मर्द’ या पुस्तकात ते तृतीयपंथीयांच्या जगाकडे वळले. तेव्हा मराठीत या विषयाला हात घालणारे लेखक मोजकेच होते. विषय बदलला तरी ओढ तीच होती. ज्यांना घर आपले म्हणत नाही आणि फॉर्मवरच्या रकान्यात ज्यांना जागा नाही, अशी माणसे.

‘कोल्हाट्याचं पोर’चा इंग्रजी अनुवाद ‘अगेन्स्ट ऑल ऑड्स’ या नावाने २००० मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केला. संध्या पांडे यांनी तो केला. त्यामुळे नेरल्याची ही कहाणी मराठीबाहेरच्या वाचकांपर्यंत गेली आणि भटक्या जमातींतील स्त्रियांविषयीच्या अभ्यासातही तिची दखल घेतली जाऊ लागली. २००७ मध्ये रस्ता अपघातात डॉ. काळे यांचे निधन झाले.

आईच्या नावाबाबत कायदा किती बदलला?

१९९४ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्याच वर्षी महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्यानंतरच्या ३० वर्षांत आईच्या नावाला कागदोपत्री हळूहळू जागा मिळत गेली. ठळक टप्पे असे :

– १९९९ : गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वडील हयात असतानाही विशिष्ट परिस्थितीत आई मुलाची नैसर्गिक पालक ठरू शकते, असा अर्थ लावला.

– २०१५ : अविवाहित आईला वडिलांचे नाव न सांगताही मुलाचे पालकत्व मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. अशा आईने प्रतिज्ञापत्र दिल्यास मुलाचा जन्मदाखला द्यावा, असेही सांगितले.

– डिसेंबर २०१६ : पासपोर्टसाठी आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे ठरले.

– मार्च २०२४ : १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. क्रम असा : मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

शेवटचा निर्णय पाहिला तर एक गोष्ट दिसते. आईचे नाव आले, ते वडिलांच्या आधी आले, पण वडिलांचा रकाना तसाच आहे. ज्याला दोघांची नावे आहेत, त्याच्यासाठी हा सन्मान आहे. ज्याच्याकडे एकच नाव आहे, त्याचा फॉर्म भरताना एक जागा अजूनही रिकामी राहणार आहे आणि ती का रिकामी आहे, हे कोणीतरी विचारणार आहे.

जातीच्या दाखल्याची अडचण काय?

नावापेक्षाही अवघड प्रश्न जातीच्या दाखल्याचा. दाखल्यासाठी बहुतेक वेळा वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे मागितले जातात : वडील, आजोबा, चुलते. ज्या घरात मुले आईच्या घरी वाढतात आणि वडील दुसऱ्या जातीचे असतात, तिथे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१२ चा रमेशभाई नायका खटल्यातील निकाल महत्त्वाचा आहे. आई मागास समाजातील आणि वडील पुढारलेल्या समाजातील असतील तर मूल आपोआप वडिलांच्या जातीचे ठरत नाही. ते आईच्या समाजात वाढले, त्या समाजाचे हाल त्याने सोसले आणि समाजाने त्याला आपले मानले, हे दाखवण्याची संधी त्याला मिळायला हवी, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला अनुसूचित जमातीच्या संदर्भातला होता. पण त्यातले तत्त्व नाचणाऱ्या घरांतील मुलांनाही लागू पडावे असेच आहे.

दुसरी अडचण तारखेची. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. त्याआधी कुटुंब राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. जी माणसे पिढ्यान् पिढ्या एका गावी मुक्कामाला राहिलीच नाहीत, त्यांच्याकडे त्या काळातला कागद कुठून येणार, हा प्रश्न या समाजांचे कार्यकर्ते सतत विचारत आले आहेत.

केंद्राच्या पातळीवर काय झाले?

भटक्या-विमुक्तांसाठी बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर भिकू इदाते यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले. २०१९ मध्ये या समाजांसाठी विकास आणि कल्याण मंडळ स्थापन झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर यांसाठी ‘सीड’ ही योजना आली. तिच्यासाठी पाच वर्षांकरिता २०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. पण लाभ घ्यायचा तर आधी आपण त्या समाजाचे आहोत, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे गाडी पुन्हा दाखल्यापाशी येऊन थांबते.

आज हे पुस्तक कोणासाठी?

‘कोल्हाट्याचं पोर’ ही यशाची गोष्ट म्हणून अनेकदा सांगितली जाते. नाचणारीचा मुलगा डॉक्टर झाला, जिद्द असेल तर काहीही होते, वगैरे. ते खरे आहेच. पण तेवढेच घेतले तर पुस्तकातला अर्धा भाग सुटतो. कारण या घरातून एक जण बाहेर पडला, तेव्हा त्याच्या मावश्या तिथेच होत्या. शिक्षिका व्हायचे स्वप्न पाहणारी त्याची आईसुद्धा हुशार होती. मुलाला शाळेची वाट मिळाली, तिची मात्र सातवीनंतर बंद झाली.

म्हणून या पुस्तकाचा हिशेब एका डॉक्टरपाशी संपत नाही. आज करमाळा, जामखेड, मोडनिंब या पट्ट्यात एखादी मुलगी सातवीतून आठवीत जाते का आणि तिच्या दाखल्यावर जे नाव आहे तेवढ्यावर तिचा प्रवेश होतो का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून आहे. शांताबाईंना जे मिळाले नाही, ते त्यांच्या मुलाने स्वतःच्या नावात लिहून ठेवले आहे.